खेचरांच्या रांगेतला माणूस

आबा,

तब्येत कशी आहे? तिकडे तब्येत विचारायची असते की नाही ठाऊक नाही, पण विचारल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. तुमचा खोकला आता गेला असेल. बोदवडचे कंपाउंडरभाऊ तुमच्या मागोमाग आले, त्यांचा दमा कसा आहे? रावेरच्या नानांची कंबर केळीच्या गाड्या भरून भरून धरली होती, ते सरळ चालतात का आता? आणि अक्का? अक्का गेल्या महिन्यात निघाल्या, एव्हाना पोहोचल्या असतील. प्रवास नीट झाला ना त्यांचा? दिसतं का आता त्यांना? शेवटी शेवटी ऑपरेशन केलेले डोळेही गेले, ताटातली भाकरीसुद्धा चाचपून घ्यायच्या. इकडे आम्ही बरे आहोत. ह्यांना साखर निघाली आहे, धाकटीला मुलगी झाली, माझे गुडघे कुरकुरतात. बाकी धुळं आहे तिथेच आहे.

अक्का गेल्या म्हणूनच हे लिहायला बसले. त्या होत्या तोवर ह्या गोष्टीचं एक अक्षर कागदावर उतरवायची मला भीती वाटायची. कागद कधी कोणाच्या हाती लागेल आणि कोण वाचून दाखवेल, सांगता येत नाही. मला त्या कॅसेटबद्दल लिहायचं आहे आबा. मी तुम्हाला ‘बघाच’ म्हणून कळवलेली, जिच्यात तुमचे दादा सापडले होते ती. तिने अक्कांना काहीतरी दिलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण तिने तुमचं काहीतरी नेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही, आणि विचारायचं सुचलं तेव्हा तुम्ही नव्हता.

तुम्ही पेन्शनच्या कामाला धुळ्याला आलात आणि आमच्या कॅसेटच्या दुकानात डोकावलात, तो दिवस अजून समोर आहे. ह्यांची नोकरी होती म्हणून दिवसा दुकानात मीच बसायचे. पिंपळनेरच्या शाळेत तुमच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकले, पुढे लग्न आणि चूल. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून सगळं फडताळ वाचलंत आणि म्हणालात, ‘‘काय गं माय, सगळी खोटीच मारामारी ठेवलीस. एखादी खरी आहे का?’’ मी म्हटलं, ‘‘खरी म्हणजे कशी आबा?’’ तर म्हणालात, ‘‘जिच्यात मेलेला माणूस पुढच्या पिक्चरात परत येत नाही, ती.’’ मी हसले, तुम्ही नाही हसलात. जळगावचा एक ओळखीचा मुंबईहून लढायांच्या खऱ्या फिल्मा भरलेल्या कॅसेटी आणायचा. पुढच्या वेळी त्यातल्या दोन मी तुमच्यासाठी मागवून ठेवल्या होत्या.

तिथून आपलं मंडळ सुरू झालं. तुम्ही, कंपाउंडरभाऊ, रावेरचे नाना आणि मी. चार गावांचे चार खुळे. कोणाच्या गावात तंबूत ऐतिहासिक सिनेमा लागला, रविवारी टीव्हीवर मालिकेचा नवा भाग आला, माझ्याकडे लढाईची कॅसेट आली, की पोस्टकार्ड टाकायचं. कार्डाला तुम्ही शिस्त लावून दिली होती, तीनच गोष्टी लिहायच्या. काय बघावं, कशासाठी बघावं, आणि त्यात लबाडी कुठे आहे. माझं पहिलं कार्ड मी एका घोडेस्वारांच्या सिनेमावर लिहिलं, लबाडीच्या जागी ‘काही नाही’ असं ठोकून. आठ दिवसांत तुमचं उत्तर. ‘माय, तुझ्या सरदाराच्या दंडावर देवीची लस टोचल्याची खूण आहे. पुन्हा नीट बघ.’ मी कॅसेट पुन्हा लावली. दोन मोठ्या रुपयांएवढ्या खुणा, मुलालाही दिसाव्यात अशा! कंपाउंडरभाऊंनी वर मीठ चोळलं, ‘अहो ताई, सुया टोचण्यात जन्म गेला माझा, मलासुद्धा ती दिसली नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.’

मग तुम्ही मला बघायला शिकवलंत. पाय आधी बघ, मग कपडे, मग मागची झाडं. चेहरा सगळ्यात शेवटी, कारण चेहरा फसवतो. आणि एकदा दुकानाच्या पायरीवर बसून चहा पिताना म्हणालात, ‘‘मधे कोण उभा आहे ते सगळेच बघतात. तू पडद्याच्या कडेला बघत जा. ओझी वाहणारे, खेचरं हाकणारे, खंदक खणणारे. आपली माणसं कडेलाच असतात माय.’’ तेव्हा पहिल्यांदा तुम्ही मला दादांचं सांगितलंत. तुम्ही दहा वर्षांचे असताना थोरला भाऊ खेचरांच्या पलटणीत भरती झाला, ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला, आणि घरी आला तो ‘बेपत्ता’ असं लिहिलेला एक कागद. फोटो एकही नाही. मागे राहिल्या अक्का, जेमतेम पंधरा वर्षांच्या, चार महिन्यांच्या संसाराच्या. दुसरा पाट लावून द्यायला सगळे तयार होते. त्या नाही म्हणाल्या, आणि तुमचं घर सांभाळत बसल्या. तुम्ही जग उलथं करणाऱ्या लढायांच्या फिल्मा का बघता, हे त्या दिवशी मला कळलं. तुम्ही इतिहास बघत नव्हता. माणूस शोधत होता.

तुमची जुनी शाळेतली नकाशाची वही तुम्ही मला दिलीत त्याच दिवाळीत. ब्रह्मदेशाभोवती लाल पेन्सिलीची रेघ इतकी गिरवलेली की कागद तिथे पातळ झाला होता.

आणि मग ती कॅसेट आली. जुनी, कोणीतरी टीव्हीवरून भरून घेतलेली, चित्रावर पांढऱ्या रेघा नाचणारी. ब्रह्मदेशाचा भाग सुरू झाला. धुक्यातून खेचरांची रांग येते. कडेला एक पोरगा लगाम धरून चालतो, कॅमेऱ्याकडे बघतो, आणि मान एका बाजूला टाकून मोठ्याने हसतो. दादा मान टाकून हसायचे, एवढी एकच गोष्ट तुम्ही मला सांगितली होती. लगेच कॅसेट मागे फिरवली. मी तेवढाच तुकडा दहा वेळा बघितला आणि दुपारच्या टपालात कार्ड टाकलं. काय बघावं ते लिहिलं, कशासाठी ते लिहिलं, ‘दादाच आहेत, शंका धरू नका’ असंही लिहिलं. तिसरी गोष्ट लिहिलीच नाही.

तुम्ही एकटे याल असं वाटलं होतं. तुम्ही अक्कांना घेऊन आलात. त्यांच्या हातात ज्वारीच्या पापडांचा, बिबड्यांचा डबा, नवं लुगडं, सोयरिकीला निघाल्यासारख्या. मी दुकानाचं दार लोटून घेतलं. अक्कांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरत होता, म्हणून त्या टीव्हीला नाक लावून जमिनीवर बसल्या. तुम्ही मागे उभे. मी चित्र थांबवलं, तर ते थरथरायला लागलं.

‘‘कोठे शे?’’ अक्कांनी आपल्या अहिराणीत विचारलं. मी काचेवर बोट ठेवलं.

‘‘हाऊ? हासी ऱ्हायना तो?’’

‘‘हो अक्का, हसताहेत तेच.’’

त्या किती वेळ बघत राहिल्या. मग काचेवर सगळा तळवा ठेवला. ‘‘हाऊच शे,’’ म्हणाल्या. ‘‘माले वाटे, उपाशी मरना व्हई. हाऊ ते हासी ऱ्हायना.’’ आणि एकदम फुरंगटल्यासारख्या माझ्याकडे वळल्या, ‘‘देख, बठ्ठा दात दखाडस. घरमा ते मन्हा संगे कधी हासना नही!’’ नवऱ्याला एकेरी बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. पडद्यावर विशीतला पोरगा, आणि ह्या साठी ओलांडलेल्या.

तुम्ही मागून जवळ आलात. पुढे वाकलात, बोट काचेपर्यंत नेलंत, त्याच्या गळ्याशी कॉलरवर थांबवलंत आणि मागे घेतलंत. ‘‘परत लाव,’’ म्हणालात. मी लावलं. ‘‘परत.’’ तिसऱ्यांदा लावलं तेव्हा तुम्ही पडद्याकडे बघतच नव्हता आबा. तुम्ही अक्कांकडे बघत होता. आणि मग म्हणालात, ‘‘हां वहिनी. दादाच शे.’’

बसस्टँडवर तुम्ही मला बाजूला घेतलंत. ‘‘माय, ही कॅसेट मंडळात कोणाला कळवू नकोस.’’ मी म्हटलं, ‘‘का आबा? भाऊंना, नानांना किती आनंद होईल.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘घरचं आहे.’’ मला ते पटलं. माझं काम झालं होतं, मी हवेत होते.

महिन्याभरात तुमच्या घरी दादांचं पुण्यानुमोदन, बेपत्ता म्हणून आजवर अडलेलं मरणानंतरचं कार्य, झालं. इतक्या वर्षांनी गाव जेवलं. अक्का पांढऱ्या लुगड्यात बसल्या होत्या, शांत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की ते उपाशी नव्हते, हसत होते. मला वाटलं, बाई, आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं.

पण तुमची कार्डं बंद झाली. मी पाठवत राहिले. वाळवंटातल्या रणगाड्यांची एक अप्रतिम फिल्म कळवली, समुद्रातल्या पाणबुड्यांची कळवली. चार कार्डांना मिळून एक उत्तर, ‘डोळ्यांना त्रास होतो. तुम्ही बघा.’ मी मनातून रुसले. दोनदा भेटायला आले. दुसऱ्या वेळी रविवारची सकाळ होती, टीव्हीवर नेमका लढाईचा कार्यक्रम लागला. पुढच्या खोलीत पोरं ओरडली, ‘‘आबा, या, तुमचं लागलं!’’ तुम्ही उठलात आणि अंगणात जाऊन वाळलेल्या तुरीच्या काड्या मोडत बसलात. मी अक्कांना विचारलं, ‘‘आबा बघत नाहीत हल्ली?’’ तर त्या भाकरी थापता थापता सहज म्हणाल्या, ‘‘आते काय देखतीन? त्यासना भाऊ सापडना ना.’’

मी तिथे बसून शेंगा सोलत होते. भाऊ सापडला, आता काय बघतील, हे ऐकलं आणि सोलत राहिले. मला काही कळलं नाही.

तुम्ही गेलात त्याला चार वर्षं झाली आणि आमच्या गल्लीत केबल आली. एका दुपारी महायुद्धाची फिल्म लागली होती, चित्र आरशासारखं स्वच्छ. भाग होता इटलीतल्या डोंगरांचा, हिवाळ्याचा. खेचरांची रांग आली. कडेला तोच पोरगा. मान टाकून हसतो, आणि तोंडातून वाफ निघते. अंगात जाड लोकरी कोट, कॉलर कानापर्यंत उभी. मागे एकाही झाडाला पान नाही. माझ्या कॅसेटमधलं धुकं बर्फाचं होतं. कोणीतरी इटलीचा तुकडा उचलून ब्रह्मदेशाला जोडला होता. मी तुमची नकाशाची वही काढली. दोन देशांमध्ये वीतभर अंतर, आणि ती वीत मला ओलांडता येईना.

तेव्हा मला तुमचं बोट आठवलं, कॉलरवर थांबलेलं. लसीची खूण शोधणारा माणूस तो कोट चुकणार नव्हता. भाऊंना नि नानांना का सांगायचं नाही, तेही कळलं, त्यांनी एका मिनिटात पकडलं असतं. अक्कांसाठी तुम्ही तो भाऊ मान्य केलात. आणि मान्य केल्यावर पुन्हा शोधणार कसे? घरात सगळ्यांना सापडलेला माणूस तुम्ही कोणाच्या समोर बसून शोधणार होता? जवळजवळ पन्नास वर्षांची तुमची वाट मी एका पोस्टकार्डाने बंद केली. तुरीच्या काड्या मोडत बसलेले तुम्ही मला आता रोज दिसता.

पुढे अक्का डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला आल्या तेव्हा माझ्याकडेच उतरल्या. पट्टी सुटल्यावर पहिलं काय मागितलं, तर ‘‘माय, त्यासले परत दखाड.’’ मला वाटलं, आता नवे डोळे, आता ओळखतील. तरी कॅसेट लावली. त्यांनी पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि पदराने डोळे टिपून म्हणाल्या, ‘‘हाऊच शे ना?’’ या वेळी प्रश्न होता आबा. मी म्हटलं, ‘‘हो अक्का. आबांनी सांगितलं होतं ना?’’ त्यावर त्यांनी मान डोलावली. त्यानंतर मी त्या कॅसेटला बुरशी लागली म्हणून सगळ्यांना सांगितलं.

दुकान आता मोडलं. तरी कॉलेजातली चार मुलं-मुली येतात, काय बघावं विचारतात. मी सांगते, भरभरून सांगते, लबाडी कुठे आहे तेही सांगते. तुमचं नाव घेते.

एक मात्र कोणाला सांगितलेलं नाही. केबलवर पाहिलं तेव्हा कोट दिसला असं मी वर लिहिलं, पण तो मला आधीच दिसला होता. कार्ड टाकायच्या आधी, त्या दुपारी, दहा वेळा बघताना. जाड होता, रेघांतूनही दिसत होता. डोंगरात थंडी असेल, असं मी स्वतःला समजावलं. मला तुमच्या हातची एक शाबासकी हवी होती.

हे पाकिटात घालणार नाही, टाकणार तरी कुठे? पण आता अक्कांची आणि दादांची गाठ पडली असेल. त्यांनी दादांना ओळखलं का? आणि कोणावर रागावल्या, तुमच्यावर की माझ्यावर? दोनच ओळी लिहा, पण लवकर लिहा.