समोरच्या घरी पोस्टाने

तीर्थरूप अण्णांच्या चरणी हायवेच्या पलीकडून धाकट्या चेल्लमुत्तुचा नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम दिसते. (कालच तुम्हाला गच्चीत लुंगी वाळत घालताना पाहिलं.) वहिनींचं गुडघेदुखीचं कसं आहे, ते इथून दिसत नाही. आपल्या दोन दारांमध्ये चाळीस पावलं, पण हे पत्र मदुराई फिरून चौथ्या दिवशी तुमच्या हाती पडेल. तुम्ही माझा फोन उचलत नाही, तेव्हा दुसरा इलाज नाही.

अम्मा एक महिना तुमच्याकडे, एक महिना माझ्याकडे, हे अप्पा गेल्यापासून ठरलेलं. पहिल्या तारखेला पानाचा डबा काखेत मारून ती स्वतः रस्ता ओलांडायची आणि लॉऱ्या निमूट थांबायच्या. आता हायवेच्या मधोमध दुभाजकाची भिंत आली. (ती छातीएवढी आहे आणि माझे गुडघे बासष्ट वर्षांचे.) वाट कुठे सोडू, असं इंजिनिअरने विचारलं, तेव्हा पंचायतीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही बोट दाखवलंत ते सहा किलोमीटरवर, तुमच्या व्याह्यांच्या मंगल कार्यालयासमोर. भर सभेत मी तुम्हाला शिव्या दिल्या. त्यातली फक्त पहिली मागे घेतो, कारण ती अप्पांनाही लागत होती.

गेल्या सोमवारी माझी पाळी लागली म्हणून मुनियांडीच्या रिक्षाने अम्माला आणायला निघालो. त्या वाटेशी पोचलो तर कार्यालयात लग्न, आणि वऱ्हाडाच्या गाड्यांनी वाट बुजलेली. मुनियांडी म्हणाला, "मामा, तुम्ही पुढे चालत व्हा. मी इथे पंगतीला बसतो." भर दुपारी सहा किलोमीटर तुडवून आलो, तर तुमच्या दाराला कुलूप. शेजारची सरोजाक्का म्हणाली, "अय्यो, सगळे लग्नाला गेलेत की. अम्मालाही नेलंय." म्हणजे जिथून निघालो, तिथेच ती जेवत होती. परतीची बस आपल्या गावात थांबेना, कंडक्टरने टोलनाक्यावर उतरवलं. संध्याकाळी घरी पोचलो तर मुनियांडी ओट्यावर पान चघळत बसलेला.

"अम्मा माझ्या शेजारच्याच पानावर होत्या," तो म्हणाला. "दोनदा पायसम घेतलं. विचारत होत्या, चेल्लमुत्तु कुठल्या गावी राहायला गेला रे?"

त्या रात्री मी जेवलो नाही. हे तुम्हाला कळावं म्हणूनच लिहितो आहे.

तुमचा नाइलाजाने आज्ञाधारक,
चेल्लमुत्तु

ता. क. अम्माला पाठवा असं मी म्हणत नाही. अध्यक्षांचा भाऊ नमला, असं लोक म्हणतील.

आणखी एक. संध्याकाळी तिला ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसवत जा. दोन लॉऱ्यांच्या मध्ये क्षणभर दिसते. मी स्टुलावर उभा राहून रोज हात हलवतो. काल तिनेही हलवला. (माझी बायको म्हणते, कावळा हाकलत होती.) तिला आता लांबचं दिसत नाही, अण्णा. एकदा शेजारी बसून तिला सांगा, समोर हात हलवतोय तो चेल्लमुत्तु आहे, तो कुठेही गेलेला नाही. एवढं केलंत तर उरलेल्या शिव्याही मागे घेतो.