सत्त्याऐंशी नंबरची किटली

३ नोव्हेंबर १९९७, पिंपळवंडी
मानवजातीवर झालेल्या अन्यायांच्या यादीत एक नम्र भर : दूध संस्थेच्या संगणकावरची हिरवी अक्षरं लुकलुकतात. एकवीस वर्षं पुण्यात फायली उपसून इथं आलो, ते काय डोळे मिचकावून घ्यायला?

बाकी गाव झकास. शेजारच्या गोजरबाईंनी पहिल्याच दिवशी वाटीभर विरजण दिलं. म्हणाल्या, "वाटी रिकामी परत द्यायची नाय बरं का, पावणं."

माझ्या आधीच्या संपतने कागद चिकटवून ठेवलाय : दूध आलं की सभासदाचं नाव साधं, फॅट चांगली लागली की ठळक, दूध आलं नाही की लुकलुकतं. इथं मयत झालेल्या घरचं दूध त्या दिवशी डेअरीत येत नाही, हेही त्यानेच खाली लिहिलंय. भलताच टापटिपीचा माणूस.

५ नोव्हेंबर
सकाळी ८४ नंबर, हौशीराम, लुकलुकत होता. दूध तर मीच मोजून घेतलेलं! यंत्राला आपल्याहून कमी कळतं, या आनंदात चहा प्यालो.

संध्याकाळी त्याचं दूध आलं नाही. दुपारी विहिरीवर बसल्या बसल्या गेला म्हणे.

८ नोव्हेंबर
सकाळी ८५, धोंडाबाई. दूध आलेलं, तरी नाव लुकलुकत. संध्याकाळी किटली नाही.

संपतला आळेफाट्याच्या गॅरेजात गाठलं. पाना खाली न ठेवता म्हणाला, "आधी मलाबी यंत्राची चूक वाटली व्हती. तुमी नोकरी सोडा, राव."

११ नोव्हेंबर, सकाळ
८६. यमाजी. दूध घालून समोरच तंबाखू मळत बसलाय.

प्रोग्रॅम उघडला. त्याच्या नावाआधी पाचाचा आकडा होता, म्हणजे लुकलुक. तिथं शून्य घातलं, म्हणजे साधं अक्षर. नाव थांबलं. स्वतःची पाठ थोपटणार तोच —

८७. गोजरबाई.

दुपार
त्यांना सांगितलं, आज घराबाहेर पडू नका. हसल्या. पुण्याच्या माणसाला ऊन बाधलं म्हणाल्या आणि गाईसाठी घास कापायला गेल्या.

वायर उपटली. पडदा काळा. त्यावर एकच ओळ, हिरवी — आहे, नाही, आहे —

पाच परत यमाजीला लावू? तो मघाशी मला नातवाच्या बारशाला बोलावून गेला. आणि ही लुकलुक तर मीच बाईंकडे ढकलली.

८८ मोकळा आहे.

संध्याकाळ
वायर परत लावून ८८ वर माझं नाव घातलं. ८७ ला शून्य. लुकलुक लगेच खाली सरकली. आज्ञाधारक आहे.

सत्त्याऐंशीचं दूध आलं. साडेतीन लिटर. गोजरबाई स्वतः घेऊन आल्यात. नाव साधं, स्थिर.

अठ्ठ्याऐंशीकडे गाय नाही. दूध आलं नाही, हेसुद्धा कुणाच्या लक्षात —

डावा हात जड —

वाटी घासून ठेवली होती. साखर भरली. बाई मापाकडे बघतायत तोवर त्यांच्या किटलीच्या झाकणावर ठेवली. रिकामी द्यायची नसते, हे मी विस —