गरम तोंडाची, गार तोंडाची

नारीन, १२ सप्टेंबर २००९

चि. नुरझातला आपाचे पुष्कळ आशीर्वाद. मशीनवर शिवून शिवून पाठ धरते म्हणतेस, तर मेंढीची चरबी चोळत जा. वास येतो म्हणून नाक मुरडू नकोस, त्याच वासात वाढलीस.

तुझी कानिशाय आठ वर्षांची घोडी झाली. शाळेत जाते, म्हणजे तिचं अंग जातं. बाकावर मुकी बसते, घंटा झाली की कानांवर हात ठेवते. मागच्या आठवड्यात जिल्ह्याची समिती मुलं तपासायला आली. हिच्यापुढं घोडा, गाय, मेंढी, बकरी अशी चार चित्रं ठेवली नि सांगितलं, दोन जोड्या लाव. हिनं घोड्याशेजारी मेंढी ठेवली, गायीशेजारी बकरी. त्यांना मोठी एकीकडं, लहान एकीकडं हवी होती. त्यांनी लिहून टाकलं, समज कमी आहे, शहरातल्या मंद मुलांच्या वसतिशाळेत पाठवा.

कागद सोबत बसवाल्याकडं देते. त्यावर आईची सही लागते, आजीची चालत नाही. मी काही बोलत नाही, तू ठरव.

तुझी आपा

मॉस्को, १ ऑक्टोबर

ती. आपास नुरझातचा सलाम. चरबी चोळली. खोलीतल्या अकरा जणी बाहेर पळाल्या.

कागद तीनदा वाचला. तिथं शिकलेली माणसं असतील, खोल्या गरम असतील, वेळेवर जेवण मिळेल. तू सत्तरीची. बर्फात पाय घसरला तर त्या पोरीनं कुणाला हाक मारायची? ती तर हाकही मारत नाही. मी सही करायला बसले होते, पण तुझं मत नाही म्हणून हात अडला. तू गप्प राहिलीस की मला भीती वाटते. कानिशाय तुझ्यावरच गेलीय, दुसऱ्या कुणावर नाही.

मत कळव. रागावून का होईना, पण लिही.

तुझी नुरझात

नारीन, २० ऑक्टोबर

चि. नुरझातला आशीर्वाद. खरं सांगते. पोर गेली तर घरात मी नि चहाची किटली. तुझे वडील गेले त्या हिवाळ्यात मी किटलीशी बोलायचे, ती निदान उकळून उत्तर द्यायची. म्हणून मत देईना. ‘ठेव’ म्हणावं, तर ते पोरीसाठी म्हणते की माझ्यासाठी, हे माझं मलाच कळेना.

पण परवा मेंढ्या आत घेताना तिला विचारलं, घोड्याजवळ मेंढी का गं ठेवलीस? तिनं माझा हात धरून मेंढीच्या नाकापुढं नेला, मग घोड्याच्या. म्हणाली, ही गरम तोंडाची. गाय नि बकरी गार तोंडाची. आजोबांनी सांगितलंय. अगं, ते गेले तेव्हा ही पाच वर्षांची! आपल्या दहा पिढ्यांनी जनावरं अशीच लावली. समितीनं का म्हणून विचारलंच नाही, नि घरी येऊन मीही विचारलं नाही. मीही त्यांच्यातलीच.

शाळेतल्या नव्या मिर्गुल बाईंना सांगितलं. शहरात वाढलेली पोर, खाली मान घालून बसली. दुसऱ्या दिवसापासून घंटा बंद, फळीवर तीन टकटक. कानिशायला उत्तर बोलायला लावत नाहीत, खडूनं काढू देतात. पण समिती डिसेंबरात परत यायची आहे.

आता माझं मत: सही करू नकोस. त्यात माझा स्वार्थ किती, ते तू वजा कर.

आपा

मॉस्को, १५ नोव्हेंबर

ती. आपास सलाम. शिवणाच्या कागदातून चार जनावरं कापली नि खोलीतल्या सगळ्यांना जोड्या लावायला सांगितल्या. माझ्यासकट बारांतल्या अकरा जणींनी घोड्याशेजारी मेंढीच ठेवली. बारावी बिश्केकच्या चौथ्या मजल्यावर वाढलेली. तिला सगळ्यांनी टोमणे मारले, आधी हिला गोठ्यात पाठवा. हसून हसून पोटं दुखली. मग कुणीतरी म्हणालं, आत्ता आमच्याकडं मेंढ्या आत घेत असतील.

सहीची जागा कोरी ठेवलीय. मागच्या बाजूला कुणी कशा जोड्या लावल्या ते लिहून खाली बारा सह्या केल्यात. समितीला विचार, त्या वसतिशाळेत आम्हा अकरा मोठ्या पोरींना जागा मिळेल का?

तू वजा करायला सांगितलेला स्वार्थ मी परत मिळवलाय. तो हिशेबात असू दे.

नुरझात

नारीन, ११ डिसेंबर

चि. नुरझातला आशीर्वाद. समितीतल्या बाईंनी कागद उलटा करून वाचला, चष्मा काढून पुसला नि कानिशायला विचारलं, का? पोर भिंतीकडं तोंड करून बोलली, पण सगळं बोलली. आता गावातच शिकेल. पुढच्या शरदात पुन्हा बघणार आहेत.

मात्र बर्फानं वाट बुजलीय, म्हणून सोमवार ते शुक्रवार ती मिर्गुल बाईंकडं राहते. म्हणजे बघ, पोर राखली नि घर रिकामंच.

बाईंनी मागच्या आठवड्यात तिला घरातल्या माणसांची चित्रं काढायला लावली. आजोबा, तू, ती नि मी. शनिवारी तिनं ती चटईवर मांडून दोन भाग केले. मला वाटलं, आजोबा वेगळे काढील, नाहीतर तुला. तिनं तुम्हा तिघांना एकत्र ठेवलं नि मला एकटीला दुसरीकडं. या वेळी मी विचारलं. म्हणाली, ते जाणारे, नि तू वाट बघणारी.

चुकलं म्हणायला जागा नाही गं.

आज शुक्रवार. उद्या ती येईल, म्हणून कणीक भिजवून ठेवलीय. लोभ आहेच, तो एकदा दारात उभी राहून दाखव.

तुझी आपा