मास्तरची हजेरी

३ ऑक्टोबर

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तुझी खुशाली तुझ्या पाकिटातूनच कळते. मागच्या पत्राबरोबर कुत्र्याचे इतके केस आले की ह्यांनी विचारलं, अण्णा पत्र लिहितात की विंचरतात? वहिनी तुला अजून घरात घेते हेच नवल.

आता कामाचं. आम्हाला कुत्रा हवा आहे. ह्यांच्या मते तो काळा आणि दांडगा असावा, म्हणजे फाटकाशी आलेला माणूस परस्पर मागे फिरेल. दूधवाला गावातलं पिल्लू फुकट द्यायला बसलाय. मला मात्र एवढंच हवंय की ठकीनं शेपटी ओढली, कानात बोट घातलं तरी त्यानं दात दाखवू नये, आणि तिला तळ्याकडे जाऊ देऊ नये. कुणी रोपं उचलून नेली तर खुशाल नेऊ देत, कलमं पुन्हा बांधता येतात.

ठकीला पाय फुटलेत रे. मी कलमाच्या पट्ट्या बांधायला बसते, मान वर करते तो ही वाफ्यांच्या पलीकडे. ह्यांनी तळ्याला जाळीचं कुंपण घातलं, पण हिला वरून नाही तर खालून वाट सापडते. थोरला त्या तळ्यात गेला तेव्हा ही पाळण्यात होती, तिला त्याची आठवण असायचं कारण नाही. तरी पाऊल नेमकं तिकडेच का वळतं, कोण जाणे. तळं बुजवायचं म्हटलं तर रोपवाटिका बंद करावी लागेल.

फोन करत नाही, कारण तळ्याचं नाव निघालं की हे उठून बाहेर जातात. पत्रात निदान मला वाक्य पुरं करता येतं.

तुझ्या चार पायांच्या गोतावळ्यातून उरेल तेवढा लोभ इकडेही असू दे.

तुझी
धाकटी


१२ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि पाकीट झटकून बंद करतोय, पाहुण्यांना सांग.

आधी काय नको ते लिहितो. लॅब्रेडॉर पोरांत पोर होतो, पण चोराला स्वतः घर दाखवेल, आणि पाणी दिसलं की ठकीच्या आधी उडी मारेल. डोबरमन चलाख, पण सदा ताणलेला. तुमच्या घरात ताणलेली माणसं आहेत तेवढी पुरेत. ग्रेट डेन स्वभावानं गाय, पण प्रेमानं नुसता टेकला तरी ठकी आडवी. अल्सेशियन चांगला, पण त्याला रोज काम देणारा धनी लागतो आणि पाहुणे झाडांशी बोलतात तेवढंही माणसांशी बोलत नाहीत. दूधवाल्याचं पिल्लू वाईट नसेल, पण ते शिकेपर्यंत तुला दोन पोरं सांभाळावी लागतील.

तुला कोली पाठवतो. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची जात. चावणं त्याच्या रक्तात नाही, अडवणं आहे. पोर पाण्याकडे निघालं की आडवा येईल, अंगानं रेटत मागे आणेल. आमचा पोरगेलासा कोली तयार आहे. सगळ्यांना रांगेत उभं करतो म्हणून इथं त्याला मास्तर म्हणतात.

ठकीचे अंगातले कपडे काढून, न धुता, गाठोडं बांधून पाठव. आमची रीत अशी की ते कपडे आधी कुत्र्याच्या अंथरुणात घालायचे. ज्यांचा वास अंथरुणात, ती त्याची माणसं. तुमच्याकडे येईल तेव्हा ओळख झालेलीच असेल. दिवस कलला की तो हजेरी घेईल आणि आपली माणसं आत आल्याशिवाय टेकणार नाही.

तू नीट जेव. वहिनीचाही तोच हुकूम आहे. आमची माया गाठोड्यात बांधता येत नाही म्हणून कागदावर धाडतो.

तुझा
अण्णा


२० नोव्हेंबर

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

मास्तर आला आणि घराची शाळा झाली. गाडीतून उतरला तो थेट ठकीपाशी गेला, तिला आपादमस्तक हुंगलं आणि तिच्या पायाशी बसला, वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखा. ठकीनं त्याच्या कानात बोट घातलं. त्यानं सोसलं. दुसऱ्या दिवशी ती तळ्याच्या वाटेला लागली तर हा आडवा. ती डावीकडे, हा डावीकडे. शेवटी ती रडली आणि त्यानं तिला ढकलत माझ्या पुढ्यात आणून उभी केली. किती महिन्यांनी मी मान न वळवता कलम बांधलं असेन! हे तर त्याच्याशी बोलतात. मी ऐकलंय.

एकच विचारायचं होतं. संध्याकाळी ठकी आत आली, फाटक लागलं, सगळी घरात आहेत, तरी मास्तर बसत नाही. खोल्या फिरतो. थोरल्याची खाट आम्ही हलवलेली नाही, तुला ठाऊक आहे. तिच्याखाली डोकं घालतो, चादर हुंगतो, मग दार खरवडतो. सोडला की वाफे ओलांडून तळ्याच्या जाळीशी जातो आणि पाण्याकडे बघत बारीक रडतो. हाक मारली तर येतो, पण नापास झाल्यासारखा येतो.

त्याला काही दुखतंय का? मला ते रडणं ऐकवत नाही. मी आवाज न करता जे करते तेच तो मोठ्यानं करतोय असं वाटतं.

उत्तर लवकर लिही. कुत्र्यांना रविवार असेल तर त्या दिवशी लिही.

तुझी
धाकटी


२७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितो, इकडे कुत्रीला पिल्लं होताहेत. दुखणं नसावं. नवी जागा आहे, तिचे जुने वास आहेत. हजेरी घेणारा कुत्रा शोधायला लागला की दोनच गोष्टींनी थांबतो. एक तर हवं ते सापडतं, नाहीतर आपण त्याला दुसऱ्या कामाला लावतो. तेव्हा दिवेलागणीला त्याला ठकीशी खेळव, दमव. तिकडे जाऊ देऊ नकोस. थोड्या दिवसांत नाद सोडेल.

खाट हलवायचं मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.

पिल्लांइतकाच तुझाही घोर लागलेला,
अण्णा


१५ डिसेंबर

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

मास्तर थांबला.

कसा ते सांगते. आठवड्यापूर्वी ठकीला ताप होता म्हणून मी त्याला खेळवायला गेले नाही, तो तळ्याकडे निसटला. अंधारून यायच्या बेताला मी ओट्यावर उभी होते. वाफ्यांमधून तो येताना दिसला. रडत नव्हता. हळूहळू चालत होता, थोडं चालायचं, मागे वळून बघायचं, पुन्हा चालायचं. रमतगमत चालणाऱ्या ठकीला आणतो ना, अगदी तसा. मागे कुणी नव्हतं, अण्णा. मी डोळे फाडफाडून बघितलं.

दाराशी येऊन तो बाजूला झाला. आधी आत गेला नाही. मी दार पुरतं उघडलं, का उघडलं ते विचारू नकोस. जरा वेळानं तो आत आला आणि ठकीच्या पायाशी न जाता दोन खाटांच्या मधे आडवा झाला. लगेच डोळा लागला त्याचा. या घरात आल्यापासून पहिल्यांदा सगळी पोरं आत आल्यासारखा झोपला.

आता रोज असंच. तूच लिहिलं होतंस ना, तो कशानं थांबतो ते? मी त्याला दुसऱ्या कामाला लावलेलं नाही.

तू हसशील, नाहीतर घाबरून वहिनीला पाठवशील. नको पाठवूस. मला बरं वाटतंय. थोरला गेल्यावर मी संध्याकाळी दार लावते तेव्हा दरवेळी वाटतं, आपण कुणाला तरी बाहेर ठेवून दार लावतोय. आता नाही वाटत. मला भूक लागते.

ठकी बरी आहे. माझ्या वेडेपणासकट मला आपली म्हण.

तुझी
धाकटी


२२ डिसेंबर

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. हे पत्र घरात माहीत नाही.

कपड्यांचं गाठोडं मी बांधलं होतं. ठकीचे दोन फ्रॉक घेतले. एकट्या तिचेच कपडे बांधताना हात पुढे जाईना. थोरल्याचा लोकरी स्वेटर मी कपाटात कागदात गुंडाळून ठेवला होता, धुतलेला नव्हता. तो मधे घातला. मुलं दोन आहेत, एकाचं गाठोडं कसं पाठवू, एवढंच तेव्हा मनात आलं. तुमच्या रीतीमागचं कारण मला नीट कळलं नव्हतं. आता कळतंय.

काल संध्याकाळी ठकी घरात दिसेना. मी धावलो. जाळीखाली मास्तरनं माती उकरून वाट केली आहे, ती तिथूनच गेली. शेवटच्या पायरीवर उभी होती, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. हात पुढे केलेला. मी उचलल्यावर म्हणाली, मास्तरला उशीर झाला म्हणून दादाला आणायला मीच आले.

मास्तर तिथंच होता. पण तिच्याकडे त्याची पाठ होती. तो पाण्याकडे बघत उभा होता, जणू पाण्यातल्याला आधी काढायचं आहे. ठकी त्याच्या मागून आली ते त्याला कळलंही नाही.

तुमची बहीण त्याला सोडायला तयार नाही. मी म्हटलं, तर म्हणाली, मग थोरल्याला कोण आत आणेल? मला तिला काही सांगवत नाही. रोज दार उघडते तेव्हा मीही मागेच उभा असतो. तुम्ही वडीलधारे आहात, तुम्ही सांगा.

आपल्या आधाराची गरज असलेला,
आपला मेहुणा


२८ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पाहुण्यांनी मला लिहिलं. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना पत्र लिहायला लागलं यावरूनच काय ते समज. स्वेटर त्यांनी घातला होता. इथं आम्ही सगळं गाठोडं अंथरुणात घातलं. ठकीचेच कपडे समजलो.

तेव्हा मास्तरचं काही चुकलेलं नाही. त्याला दोन मुलं सोपवली, तो दोघांना सांभाळतोय. पण या जातीचं एक लक्षात घे. कळप फुटला की कोली सगळ्यांत दूर गेलेल्या मेंढीकडे आधी धावतो. जवळची आपोआप येईल असं धरून चालतो. तुझी जवळची तळ्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती.

तो रोज कुणाला घरी आणतो, ते मला विचारू नकोस. आयुष्य कुत्र्यांत गेलं, पण सापडल्याशिवाय शांत झोपणारा कोली मी पाहिलेला नाही. हे लिहायचं नव्हतं, पण तुला खोटं सांगून मास्तर काढून घेणार नाही.

माझ्याकडे एक पोक्त कोली कुत्री आहे. दोन वेळा व्यालेली, समंजस, जरा आळशी. हिला फक्त ठकीचे कपडे देतो. गाडी पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी पाठवतो. मास्तरला तिच्यात बसव. मी हुकूम सोडत नाही, मला तो अधिकारही नाही. पण तुला निवडावं लागेल, धाकटे, आणि ते तुझ्याऐवजी कुणी करू शकत नाही.

रागावलीस तरी माझीच असलेल्या बहिणीला,
अण्णा


३ जानेवारी

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुला खूप शिव्या दिल्या. कुत्रा पाठवणारा तूच, काढून घेणाराही तूच. ह्यांच्याशी तर बोललेच नाही. काल संध्याकाळी मास्तर तळ्याकडे गेला आणि मी ठकीला मांडीवर घट्ट धरून बसले. ती माझ्या हातातून सुटायला बघत होती. म्हणत होती, सोड, दादा वाट बघतोय. तिचं मनगट लाल झालं तेव्हा कळलं, मी किती जोरात धरलंय. मी दोघांना धरू शकत नाही, अण्णा. एक हात दारावर ठेवला की तो हात ठकीवर नसतो.

मास्तरला पाठवतेय. शनिवारी गाडी इथून मुद्दाम संध्याकाळी निघू दे, तो तळ्याकडून आत आला की मगच. म्हणजे दोघं निघतील. लोकं वेडी म्हणतील म्हणून हे फक्त तुला लिहितेय. मागची बाजू रिकामी ठेवायला सांग ड्रायव्हरला, सामान ठेवू नये.

तिन्हीसांजेला त्याला बांधू नकोस. तुझ्याकडे तळं नाही, ते मला ठाऊक आहे, म्हणूनच पाठवतेय. थोरल्याला तुझे कुत्रे फार आवडायचे.

आणि मला ती आळशी कुत्री पाठव. एका मुलीला पुरेल एवढी.

तुझ्यावर सोपवून मोकळी न झालेली,
धाकटी


९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कुत्री पोचल्याचं आणि ठकीनं तिच्या अंगावर झोप काढल्याचं कळलं. आता इकडचं.

गाडी इथं आली तेव्हा मी अंगणातच होतो. ड्रायव्हर वैतागलेला. म्हणाला, एवढी जागा असून हा कुत्रा सगळी वाट कोपऱ्यात अंग चोरून बसला, बाकीची जागा मोकळी सोडून. मी मागचं दार उघडलं. मास्तर खाली उतरला, मला हुंगलं, शेपटी हलवली. मी दार लावायला गेलो तर आडवा आला. रेटून मला मागे केलं आणि गाडीकडे तोंड करून उभा राहिला.

तुला माहीत आहे, मी असल्या गोष्टी मानत नाही. आजही मानतो असं म्हणणार नाही. पण मी दार धरून उभा राहिलो. तुझी वहिनी आतून बघत होती, शेवटी तिनं हाक मारून विचारलं, काय झालं, आत का येत नाही.

मी म्हटलं, जरा थांब, लहान आहे, उतरायला वेळ लागतो.

तुम्हा सगळ्यांवर, आणि या दोघांवरही, आमचा जीव आहे.

तुझा
अण्णा