तिंबलेल्या मातीवरचा अंगठा

प्रिय धाकट्या,

तुझ्या शब्दकोशासाठी तू मागे विचारलं होतंस, मळणं आणि तिंबणं यात फरक काय. कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. पाणी घालून कालवली, गोळा झाला, की माती मळली. पण ती अजून आडमुठीच असते. मग तळव्याने सगळा भार टाकून दाबायची, दुमडायची, पुन्हा दाबायची, आतली हवा आणि हट्ट दोन्ही निघेपर्यंत, ते तिंबणं. कणीक तिंबतात, मेणही तिंबतात. कुणाला बदडलं तरी तिंबून काढलं म्हणतात, हे तुला वेगळं सांगायला नको, लहानपणी माझ्या हातून पुष्कळदा अनुभवलंयस. कोशात तेही घाल, फक्त उदाहरणात मला ओढू नकोस.

बाबांची परीक्षा आठवते ना? गोळ्यावर अंगठा दाबायचा; ठशाच्या कडेला तडा गेला नाही, की माती तिंबली. ठसा तसाच ठेवून वर ओलं फडकं टाकायचं, म्हणजे सकाळी चाकावर बसणाऱ्याला कळतं माती कुणी तिंबली. आपल्या मडक्यांच्या कारखान्यात आता मी एकटीच उरले, तरी ही पद्धत मोडलेली नाही.

बाबा गेल्यावर एकदा कंटाळून मी माती नुसती मळली आणि कुलूप लावून घरी आले. सकाळी फडकं उचललं तर माती लोण्यासारखी मऊ, आणि वर बाबांचा अंगठा, तारेने कापलेल्या व्रणाची तिरपी रेघ असलेला. मी फडकं तिथेच टाकून घरी पळाले. आईला सांगितलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, त्यांची सवय थोडीच सुटणार आहे. पुढे माझीही भीती मेली. खरं सांगू, मी आळशी झाले. मळायचं माझ्याकडे, तिंबायचं बाबांकडे, असं चाललं होतं.

गेल्या आठवड्यात मात्र गोळ्यावर दोन ठसे होते. एक बाबांचा. शेजारचा रुंद, खोल आणि अगदी गुळगुळीत. लहानपणी भट्टीच्या दाराला चिकटून अंगठ्याच्या रेषा गेलेला माणूस मला एकच ठाऊक आहे, तू. मी फडकं परत टाकायला गेले, पण आई मागेच उभी होती. तिने ओल्या हाताने तेवढा ठसा पुसला आणि म्हणाली, "त्याला पत्र टाक." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता. रोज असतो.

तुझा फोन नुसता वाजत राहतो. कामात गढला असेल, असं मी आईला सांगते. मला फार भीती वाटते रे. शब्दाचा अर्थ हे निमित्त होतं. पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी स्वतःच्या हाताने लिही आणि खाली शाईत अंगठा उमटव. काल मी माती मळलीच नाही, माती तिंबायचा पाट धुऊन कोरडा ठेवला. आज सकाळी त्यावर ओलं फडकं होतं, खाली काहीतरी झाकलेलं. मी ते उचललेलं नाही. तुझं उत्तर आल्यावरच उचलीन.

वाट बघणारी तुझीच,
ताई