पानाआधी आलेलं फूल

रोल्ला, शारजा
१९ नोव्हेंबर २०२३

चि. कमलिनीस अनेक आशीर्वाद.

बाल्कनीतलं थंड कपाट मी स्वतः केलं. भंगारातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, हातानं वळवलेला तांब्याचा पाइप, दुहेरी काच, मातीचे ट्रे, प्रत्येक कुंडीचं लेबल, आतला थर्मामीटरसुद्धा मीच जोडला. शारजाच्या उन्हात त्यात सहा जातींचे स्नोड्रॉप, ती कांद्यातून येणारी थंडीतली विलायती फुलं, फुलतात. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना दादाला काय कळतं, असं मनात यायला नको.

तुझी पर्णिका सुट्टीत तुझ्या बागेतला स्नोड्रॉपचा जो कांदा घेऊन आली, तो मंगळवारी फुलला. पांढरी घंटा, खाली मान, पान एकही नाही. नोव्हेंबरात फुलणारी ही जात आपणच तयार केली, असं विलासराव शेवटपर्यंत सांगत होते. तुझं नाव दिलं तिला. आता तुमच्या गावचं बागमंडळ ती नव्या जातींच्या यादीत घालणार, म्हणून तू माझं मत मागितलंस. तर ऐक. पानाआधी फूल म्हणजे ग्रीसच्या डोंगरातली जंगली जात, नर्सरीत विकत मिळते. तुझ्या नवऱ्यानं आणली, विसरले, आणि मग स्वतःची म्हणून तुला अर्पण केली. वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर! बागेत फुलाबरोबर पानंही दिसतात, म्हणतेस. ती शेजारच्या कांद्यांची असणार, गर्दी आहे वाफ्यात. मी दहावी नापास, पण लेबल विसरत नाही. तुझ्या लग्नात त्यांनी माझी ओळख ‘आमचे एसीवाले’ अशी करून दिली होती.

वर ‘सौ.’ लिहून खोडलंय, सवयीनं झालं. लोभ आहेच, तो मोजू नये.

तुझा दादा,
चंद्रशेखर

हेरेफर्ड, इंग्लंड
१० डिसेंबर २०२३

ती. दादास, कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इंग्रजीत करून मंडळात वाचलं. ‘एसीवाले’ गाळलं. सगळे सभ्यपणे चहा पीत राहिले. एका म्हातारीनं विचारलं, पानं तू स्वतः पाहिली होतीस ना? मी म्हटलं, माझा दादा चुकत नाही. नाव मागे घेतलं.

शनिवारी अख्खा वाफा उपटला आणि कचऱ्याच्या गाडीत घातला. पर्णिका दारातून ‘मम, स्टॉप’ म्हणून ओरडत होती. दर हिवाळ्यात हा माणूस तिथे गुडघ्यांवर बसून मला हाक मारायचा, कमल, ये, तू उगवलीस. ते विकत आणलेलं असेल, तर मला ते डोळ्यांसमोर नको.

एकच विचारते, खात्री आहे ना? शोभनावहिनी माहेरी गेली, तेव्हाही आठ दिवसांत परत येईल अशी तुला खात्री होती. अकरा वर्षं झाली.

लोभ असू दे, तपासणी पुरे.

कमल

रोल्ला, शारजा
२ डिसेंबर २०२४

चि. कमल, आशीर्वाद.

वर्षभर उत्तर दिलं नाही, कारण तपासत होतो. ऑक्टोबरात कपाटातला थर्मामीटर दुबईच्या करामा बाजारातून आणलेल्या नव्या थर्मामीटरशी ताडून पाहिला. माझा चार अंश जास्त दाखवत होता, म्हणजे कपाट तेवढं जास्तच गार होतं. एवढ्या गारठ्यात पान अडून राहतं, फूल तेवढं निसटतं. दुरुस्त केला. यंदा फूल आणि पान एकाच दिवशी आली. त्या ग्रीक जातीच्या पानावर मधोमध राखाडी पट्टा असतोच, इथे नाही. आतल्या पाकळीवर हिरवे ठिपके दोन, आणि सुटे. माझ्याकडच्या एकाही पुस्तकात अशी जात नाही.

विलासराव बरोबर होते. हे वाक्य मी तीनदा लिहून फाडलं, म्हणून ते पुन्हा लिहायला सांगू नकोस.

पण घाई तुझी. उपट असं मी कुठे लिहिलं होतं? पत्र काढून बघ. स्वतःच्या डोळ्यांनी वीस वर्षं पानं पाहिलीस, आणि माझ्या एका कागदावर वाफा गाडीत घातलास. जगात हा एकच कांदा उरला आहे, आणि तो माझ्या बाल्कनीत आहे. तो पाठवणार नाही. त्याला पिल्लू सुटायला दोन-तीन वर्षं लागतील. सुटलं की बघू.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

चंद्रशेखर

ता. क. अबुधाबीच्या प्रदर्शनाला आलेला एक डच व्यापारी ऐकून घरी आला होता. अर्धा तास भिंग लावून बसला. मग म्हणाला, कांदा द्या, फक्त लेबलावरचं ‘कमलिनी’ काढून माझ्या मुलीचं नाव घालीन. मी नाही म्हटलं. नऊ हजार दिरहम देत होता, म्हणजे आपले दोन लाख सात हजार रुपये.