बसून काढलेले बूट

६ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे हातपाय क्षेम, डोक्याचं सांगवत नाही.

पत्र पोचलं. ट्रकवाल्यांची संघटना बाबांसाठी शोकसभा ठेवतेय आणि मुलाने दोन पानं लिहून धाडावीत, असं तू म्हणतेस. अगं, मी सातवी नापास. आणि लिहू काय? बाबा अर्धा देश हिंडले, प्रत्येक पेट्रोलपंपावर त्यांना मिठी मारणारे चौघे होते, सहा भाषांत गाणी यायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरी आले की आपण आधी त्यांचे बूट बघायचो, हे चालेल का सभेत?

उंबऱ्यावर बसून काढले, तर दिवस बरा. उभ्यानेच एका पायाने दुसऱ्याचा ओरबाडून काढला, की आपण दोघं मागच्या भिंतीवरून शिंप्याकडे. आई तेवढी घरात.

फक्त एकदा चुकलो. मी नऊ वर्षांचा. बाबा आले, बसले, सावकाश बूट काढले. मी धावत जाऊन अंगावरच उडी मारली. बसले होते ते उजवा घोटा सुजला म्हणून, हे कुणाला माहीत? त्याच बुटाने माझा डावा कान फोडला. आई मधे आली, तर पान्ह्याने तिचं मनगट. मोडल्याचा आवाज मला उजव्या कानाने ऐकू आला, तो अजून येतो.

आता ऐक. आमच्या भंगाराच्या यार्डात एक म्हातारा क्रेन चालवतो. माझं तोंड बघून त्याने ओळखलं, कुणाचा मुलगा ते. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना गोळा करून सांगत बसला. म्हणे सोळा वर्षांपूर्वी उताराला त्याची गाडी उलटली, मांडी मोडली. बाबांनी त्याला पाठीवर घेऊन चार मैल चालत डॉक्टर गाठला. वाटेत उजवा घोटा मुरगळला, तरी खाली ठेवलं नाही, वर गाणी म्हणत होते. डॉक्टर म्हणाला पट्टी बांधतो, तर हे म्हणाले, नको, घरी पोरं वाट बघतायत.

ताई, सोळा वर्षं. उजवा घोटा. तोच दिवस गं.

म्हातारा डोळे पुसत हसत होता. मी त्या हसण्यावरच मारलं. पहिल्या ठोशाला दोन दात गेले. दुसऱ्याला तो डब्यांवर कोसळला. तिसरा मारला तेव्हा तो पडलेला होता. हातमोजे रक्ताने चिकट झाले. चौघांनी ओढलं तेव्हा थांबलो.

मुकादम आला, तर म्हातारा म्हणाला शिडीवरून पडलो. बाकीचेही गप्प. मनाने मोठा माणूस. माझी नोकरी वाचली.

खोली बघून ठेवलीय. पुढच्या महिन्यात हिला नि आमच्या पोरीला, चिमीला, पाठव, तिकिटं काढलीस ना?

राग आला तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद, आणि समोर असतास तर कान उपटला असता. उजवा, कारण डाव्याने तुला ऐकू येणार नाही.

सातवी नापास म्हणवतोस आणि चार पानं खरडतोस. मग हेही नीट वाच. शिडीवरून पडलो म्हणणारा तुला मनाने मोठा वाटला. आपली आई शेजारणींना काय सांगायची? मोरीत पाय घसरला. वर्षातून सहा वेळा घसरायचा. तेव्हा कुणाची नोकरी वाचत होती रे?

बाबांचं म्हणशील, तर मीही काही विसरले नाही. पण म्हातारपणी चिमी त्यांच्या बुटांत बाहुली झोपवायची आणि ते अनवाणी फिरायचे, तिची झोपमोड नको म्हणून. हेही मी याच डोळ्यांनी बघितलं. दोन्ही कुठे ठेवू, मला कळत नाही. रडू येतं, मग रडल्याचा राग येतो.

तिकिटं काढलेली नाहीत. कारण सांगते. मागच्या खेपेला तू आलास, तेव्हा चिमी दाराआड उभी राहून तुझे बूट बघत होती. तू उभ्याने काढलेस. ती गुपचूप शेजारी गेली. मी तिला शिकवलं नव्हतं. तुझ्या बायकोला खोदून विचारलं, तर ती म्हणाली मोरीत पाय घसरला होता. मग बाही वर करून दाखवली.

पोर चार वर्षांची आहे. कुठून शिकली, ते तू मला लिही. तोवर दोघी इथेच राहतील.

जेवत जा. तुझीच आहे, म्हणून लिहिते.
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. यावेळी क्षेम वगैरे काही लिहीत नाही.

तुझं पत्र वाचून आधी पत्र्याची पेटी लाथेने चेपली. मग तू लिहिलेलं पुन्हा वाचलं. तीन दिवस वाचलं.

म्हाताऱ्याकडे गेलो. जबडा बांधलेला, नळीने पेज पितो. त्याला तो दिवस सांगितला, बूट, कान, मनगट, सगळं. त्याने उशाशी ठेवलेली पाटी ओढली. लिहिलं, ‘तरी तुझ्या बापाने मला चार मैल नेलं.’ मी म्हणालो हो, नेलं. भांडण मिटलं असं नाही, पण दोघं तिथेच बसून राहिलो.

मग मुकादमाला सांगितलं, शिडी नव्हती, मी होतो. त्याने हिशेब करून हाकललं. सध्या बंदरावर गोण्या उचलतो.

सभेत माझं पहिलं पत्र वाच. चार मैल वाच, मनगटही वाच. एकही गाळू नकोस.

तू विचारलंस, पोर कुठून शिकली. माझ्याकडून. हिला दोनदा मारलं, दुसऱ्यांदा चिमीसमोर. बाबांनी मारलं म्हणून मी मारतो, असं लिहिलं होतं, ते खोडलं. हात माझाच होता. हिला सांग, तिकीट काढायचं की नाही ते तिने ठरवावं. मी विचारणारही नाही.

सोबत यार्डातले बूट पाठवतोय. डाव्यावर म्हाताऱ्याच्या रक्ताचा डाग आहे, घासूनही जात नाही. चिमीच्या हातात देऊ नकोस, नुसते दाराशी ठेव. तिने बाहुली ठेवली तर कळव. नाही ठेवली तरी कळव.

तुझ्या मायेचा हक्क आता सांगत नाही, मागतो.
धाकटा